१७ लाखांत जुनी सी-क्लास घ्यावी का? लातूरच्या एका कंत्राटदारांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: विचारणारे लातूरचे सिव्हिल कंत्राटदार आहेत. २०१६ ची डिझेल डिझायर वापरतात. महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर, त्यातलं निम्मं औसा, निलंगा, उदगीरकडच्या साइटवर. बजेट सगळं धरून १८ लाख, त्यातले १० कर्जाचे. पुण्यातल्या एका डीलरकडे २०१७ ची मर्सिडीज सी-क्लास डिझेल, दिल्ली पासिंग, १७ लाखांत मिळतेय. घरचे म्हणतात नवी ग्रँड विटारा घ्या. मेहुणे म्हणतात, मग निदान टोयोटाची हायरायडर तरी घ्या, मारुती काय कोणीही घेतं. आणि त्यांचं स्वतःचं म्हणणं, "टेंडरच्या धंद्यात माणसं आधी गाडी बघतात, मग माणूस."

नमस्कार. मी पुण्यात सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचं गॅरेज चालवतो आणि जुनी गाडी घेण्याआधी तपासून देण्याचं कामही करतो. त्यामुळे माझं बोलणं लिफ्टवर चढवलेली गाडी खालून बघणाऱ्याचं आहे, हे धरून वाचा.

तुम्ही तीन गाड्यांची नावं दिलीत, पण तुमची अडचण गाडी निवडण्याची नाही. लोकांच्या नजरेसाठी किती पैसे घालायचे आणि त्यातले किती परत हातात येतील, हे तुम्हाला ठरवायचंय. दिखाव्यासाठी पैसे घालणं चूक, असं मी म्हणणार नाही. लग्नाला गाड्या भाड्याने देणाऱ्याला मर्सिडीजची चांदणी रोज कमावून देते. महागडे फ्लॅट विकणाऱ्या एजंटलाही देत असेल. तुमच्या धंद्यात ती किती देईल, हे तुम्हीच सांगू शकता. फक्त एक गोष्ट तपासून पाहा. गेल्या तीन-चार वर्षांत तुम्हाला मिळालेली कामं डोळ्यांसमोर आणा आणि त्यातलं एक तरी काम डिझायरमुळे हुकलं का, याचं स्वतःला प्रामाणिक उत्तर द्या. बांधकाम विभागाच्या आवारात कुठल्या गाड्या उभ्या असतात, तेही आठवा. आपल्याकडे तालुक्याच्या गावात मान पांढऱ्या फॉर्च्युनरला, स्कॉर्पिओला, इनोव्हाला आहे. तिथे खालून घासत येणारी, डीएल नंबरची जुनी सेडान बघून लोक काय म्हणतील, ते मी लिहायला नको. तुमच्या हाताखालचा पोरगाही मोबाइलवर नंबर टाकून गाडी कोणत्या साली पास झाली ते काढतो.

आता पैशाचं. ज्या बिल्ल्याला लग्नमांडवात किंमत असते आणि ज्याला जुन्या गाड्यांच्या बाजारात किंमत असते, ते बहुतेक वेळा वेगवेगळे बिल्ले असतात. तुमच्या दारातलंच उदाहरण घ्या. डिझायरमधलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळ फियाटचं. मारुतीने ते परवाना घेऊन मानेसरला बनवलं. फियाट आणि टाटा यांच्या गाड्यांसाठी तेच इंजिन आपल्या रांजणगावला बनत होतं. फियाट त्याला मल्टिजेट म्हणायची, टाटा क्वाड्राजेट आणि मारुती डीडीआयएस. इंजिन ज्या कंपनीचं, तिच्या पुंटो-लिनिया जुन्या बाजारात पडेल भावाने गेल्या. आणि त्याच इंजिनाच्या स्विफ्ट-डिझायरला आजही गिऱ्हाईक दारात उभं असतं. हा फरक लोखंडाचा नव्हता. गल्लीतल्या मेकॅनिकला काम येतं का, पार्ट संध्याकाळपर्यंत मिळतो का आणि उद्या विकायला काढली तर फोन येतील का, याचा होता. बिल्ल्याची खरी किंमत असते ती ही. तेवढे जादा पैसे द्यायला माझी काहीच हरकत नाही.

सी-क्लासची तारीफ आधी करतो, कारण ती खरी आहे. ताशी १०० ला ही गाडी रस्त्याला जशी धरून बसते, तशी तुमच्या यादीतली दुसरी कुठलीही बसणार नाही. सीट, ब्रेक, आतली शांतता, यातलं काहीही नुसत्या नावाचं नाही. सोलापूर-पुणे हायवेवर चालवाल तर प्रेमात पडाल. (नुसत्या नावाचाही भाग असतो. ए-क्लास लिमोझिन आणि जीएलए २०० मधलं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मर्सिडीजने रेनोबरोबर मिळून तयार केलं होतं. त्याच घराण्यातलं इंजिन २०२० च्या डस्टर टर्बोमध्येही आलं. डस्टरवाल्याला कोणी उठून खुर्ची दिली नाही.)

भानगड वेगळीच आहे. ही गाडी नवी असताना ऑन-रोड ५० लाखांच्या आसपास होती. आज ती १७ लाखांना मिळतेय, पण तिचे पार्ट मात्र ५० लाखांच्या गाडीचेच आहेत. गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही. पांढरा हत्ती म्हणतात तो हाच.

जवळून दाखवतो. तुमच्या डिझायरच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये खडखड आली तर मी लोअर आर्मचं बुश बदलतो, शेकड्यांत काम होतं, जेवून येईपर्यंत गाडी तयार. या जर्मन गाड्यांत पुढच्या एकेका चाकाला अ‍ॅल्युमिनियमचे एकाहून जास्त आर्म असतात. बऱ्याच ठिकाणी कंपनी बुश वेगळं देतच नाही, बॉल जॉइंट वेगळा देत नाही, आर्म अख्खा घ्यावा लागतो. एका बाजूचा गेला की दुसऱ्या बाजूचाही फार लांब नसतो. मग चाकांचं अलाइनमेंट. आणि हे सगळं झिजतं कशाने, तर तुमच्या साइटवर जाणाऱ्या मुरमाच्या रस्त्याने. टायरचंही तसंच. कमी उंचीचा टायर, धारदार कडेचा खड्डा, साइडवॉलला फुगा आला की टायर फेकायचा. पंक्चरवाल्याचा तिथे इलाज नाही. एलईडी हेडलाइटमध्ये पाणी गेलं तर बल्ब बदलून भागत नाही, अख्खा लॅम्प बदलायचा.

शिवाय गाडी नीट स्कॅन करणारं आणि हात लावायची हिंमत करणारं वर्कशॉप लातूरपासून कितीवर आहे, तेही बघा. पुणं तीनशे किलोमीटरच्या पुढे. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला की गाडी फ्लॅटबेडवर घालायची की तसाच दिवा बघत चालवायची, हा विचार दरवेळी करावा लागणार. तुमचा दिवस साइटवर जातो, तुम्हाला हे परवडणार नाही.

यातला सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग विम्याचा आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. गाडी पाच वर्षांपुढे गेली की झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पैसे देणारा विमा, बहुतेक ठिकाणी मिळत नाही, काही कंपन्या सात वर्षांपर्यंत देतात. २०१७ च्या गाडीला तो विषय संपला. झिरो डेप नाही म्हणजे क्लेममध्ये घसारा कापणार. रबर, प्लास्टिक, नायलॉनच्या वस्तूंवर ५० टक्के. धातूच्या पार्टवर, गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ४० टक्के. काचेवर काही नाही. समजा पुढून मार बसला आणि ५ लाखांचं बिल झालं. त्यात बंपर, ग्रिल, लायनर असं प्लास्टिक २ लाखांचं, बॉनेट-फेंडर वगैरे धातू २ लाखांचा, बाकी मजुरी. प्लास्टिकमधले १ लाख तुमचे, धातूमधले ८० हजार तुमचे, वर १५०० सीसीवरच्या गाडीला सक्तीची कपात २ हजार. विमा असूनही पावणेदोन लाखांच्या वर खिशातून गेले. तुमच्या डिझायरचा तेवढाच मार याच्या लहान हिश्शात निभावतो, कारण मुळात बिलच लहान.

दुसरी बाजू अशी की दुरुस्तीचा खर्च पॉलिसीवर लिहिलेल्या किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. आयडीव्ही दरवर्षी घटणार आणि पार्ट दरवर्षी महागणार. म्हणून जुन्या महागड्या गाड्या मधल्यामधल्या अपघातातही भंगारात निघतात. कर्ज चालू असेल तर आलेले पैसे आधी बँकेकडे जातात, आणि हप्ते फिटायच्या आत गाडी हातातून गेलेली असते. जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्या गाडीपेक्षा जास्त असतं, हेही त्यात धरा.

आता दिल्ली पासिंग. गाडी इतकी स्वस्त का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने बंधन आणलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. अंमलबजावणी पुढे-मागे होत राहिली, पण तिथला भाव पडला तो पडलाच. २०१७ ची डिझेल म्हणजे दहा वर्षांच्या उंबरठ्यावरची. तिथे नकोशी झालेली गाडी आपल्याकडे येते. त्यात बेकायदा काही नाही, पण एनओसी आणावी लागते, आणि १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो, इथला रोड टॅक्स भरावा लागतो. हा टॅक्स तुम्ही दिलेल्या १७ लाखांवर लागत नाही. गाडीची मूळ किंमत धरून, वयाप्रमाणे कमी करून लागतो, आणि आपल्याकडे डिझेलचे दर पेट्रोलपेक्षा चढेच. डीलर "पासिंग आमच्याकडे लागलं" म्हणत असेल तर तेवढं वाक्य पावतीवर लिहून घ्या. एमएच-२४ चा, म्हणजे लातूरचा, नंबर हातात पडेपर्यंत काही रक्कम रोखून ठेवा. आणि लगेहाथ चॉइस नंबरचा मोह सोडा. २०२४ पासून चारचाकीला ०००१ चं मूळ शुल्कच ५ लाख आहे.

इथवरचा हिशेब एका वाक्यात: ती गाडी १७ लाखांची नाही. पासिंग आणि पहिल्या वर्षाचं राहिलेलं काम धरून वर आणखी तीन-चार लाख बाजूला काढलेले असतील, तरच तिच्याकडे बघा. तुमचं बजेट १८ आहे.

मेहुण्यांच्या मुद्द्यावर येतो. ग्रँड विटारा आणि हायरायडर २०२२ मध्ये आल्या आणि दोन्ही टोयोटाच्या कर्नाटकातल्या बिडदी कारखान्यात बनतात. साध्या पेट्रोलचं इंजिन सुझुकीचं, स्ट्राँग हायब्रिडची (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर) यंत्रणा टोयोटाची, आणि दोन्ही प्रकार दोन्ही नावांनी मिळतात. हायब्रिडचा अधिकृत मायलेजचा आकडाही दोन्हींचा एकच, लिटरला २७.९७ किलोमीटर. लिफ्टवर घेतल्यावर खालून कोणती कुठली ते मलाही चटकन कळत नाही. ग्रिल, लाइट, बंपर वेगळे. मग टोयोटाच्या बिल्ल्याला काहीच अर्थ नाही का? एके काळी होता. २०१९ मध्ये मारुतीच्या बलेनोवरून टोयोटाची ग्लँझा आली, तेव्हा टोयोटा ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची वॉरंटी देत होती आणि मारुती २ वर्षं किंवा ४० हजार. तुमच्यासारख्या वर्षाला १८ हजार पळवणाऱ्याला त्यात लेखी फायदा होता. २०२४ च्या जुलैपासून मारुतीनेही ३ वर्षं, १ लाख केलं. हायब्रिडच्या बॅटरीला दोघांकडे ८ वर्षं, १ लाख ६० हजार. म्हणजे लेखी कारण उरलं नाही. तुमच्यासाठी मी इतकंच बघेन, की लातुरात कुठल्या सर्व्हिस सेंटरचं काम बरं आहे, कोण लवकर गाडी देतंय आणि डिझायर बदलीत कोण चांगला भाव देतंय. तालुक्याच्या गावापर्यंत मारुतीचं जाळं दाट आहे, साइट फिरणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. मेहुण्यांना सांगा, गाडी टोयोटाच्याच कारखान्यातली आहे.

नव्या गाडीतही दिखाव्याचे पैसे दोन ठिकाणी लपलेले असतात. एक, लांबीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल (डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतच्या) गाडीला जीएसटी १८ टक्के आहे, त्यापुढे ४०. ईव्ही सोडून. कराआधी १० लाखांची किंमत धरली तर फरक २ लाख २० हजारांचा, आणि त्यावर पुन्हा रोड टॅक्स. यात गंमत अशी की ब्रेझा लांबीने ४ मीटरच्या आत असूनही १.५ लिटरच्या इंजिनामुळे ४० मध्ये जाते आणि १.२ टर्बोची नेक्सॉन १८ मध्ये राहते. तुम्हाला डिकी लागते, साइटचं सामान असतं, मागे दोन माणसं बसतात, तर मोठी घ्या. समोरून दणकट दिसायला हवी एवढंच असेल, तर ते पैसे सरकारजमा होतायत हे लक्षात ठेवा.

दुसरं, व्हेरिएंटमध्ये. सेल्समन तुम्हाला एकेक पायरी वर चढवत नेणार आणि टोकाला पॅनोरमिक सनरूफ दाखवणार. मराठवाड्याच्या उन्हात वर्षातले किती दिवस तो पडदा उघडाल? सनरूफच्या चार कोपऱ्यांना पाणी उतरायला नळ्या असतात, त्या खांबांतून खाली जातात. साइटची धूळ, कडुनिंबाखाली उभी केली तर पानं, याने त्या तुंबतात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी नळीतून न उतरता छताच्या कापडात उतरतं आणि आतल्या लाइटमधून टपकतं. दर जून-जुलैला माझ्याकडे अशा गाड्या येतात आणि मालकांची खात्री असते की काच फुटलीय. नळी साफ करायला फार खर्च नाही, पण डाग पडलेलं छत आणि ओल्या कार्पेटखालचं वायरिंग वेगळं निघतं. तुमच्यासाठी मधला व्हेरिएंट पुरे. सहा एअरबॅग त्यातही आहेत. वाचलेल्या पैशात चांगले टायर, रिव्हर्स कॅमेरा नसेल तर तो, आणि तीन-चार वर्षं झिरो डेप घ्या.

"बिझनेसवर टाकू, टॅक्स वाचेल" हेही तुम्ही लिहिलंय. या गाड्यांवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी आपल्या देय जीएसटीतून वळता करणं, कंत्राटदाराला मिळत नाही. घसारा मिळतो, १५ टक्के, तोही दरवर्षी घटत्या किमतीवर. गाडी प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात रोड टॅक्स वैयक्तिक नावापेक्षा बराच जास्त लागतो. प्रोप्रायटरशिप असेल तर स्वतःच्या नावावर घ्या आणि बाकी सीएला विचारा. १७ लाख खर्च करून त्यातला थोडा कर वाचवणं ही काही कमाई नव्हे.

मग मी तुमच्या जागी काय करेन? गाडीचा दबदबा खरोखर हवा असेल तर वापरलेली इनोव्हा क्रिस्टा डिझेल, एका मालकाची, महाराष्ट्र पासिंगची, शोधेन. कुठल्याही ऑफिसच्या आवारात तिचा मान राहतो, खराब रस्ता तिला चालतो, आणि चार वर्षांनी विकायला काढली तर त्याच दिवशी गिऱ्हाईक येतं. फक्त ती आधी पिवळ्या पाटीवर टॅक्सी होती का, ते आरटीओच्या नोंदीत बघा, क्रिस्टात हे फार चालतं. दबदब्याची तेवढी निकड नसेल तर ग्रँड विटाराचा मधला व्हेरिएंट, साधं पेट्रोल, आणि कर्ज १० ऐवजी ६-७ लाखांचं. माझा कौल दुसऱ्याला आहे, कारण कंत्राटदाराची बिलं कधी निघतील सांगता येत नाही आणि हप्ता मात्र दर महिन्याला तारखेला जातो.

एवढं वाचूनही सी-क्लास बघायला पुण्याला येणारच असाल, तर या गोष्टी करा. डीलरला आधीच सांगा की इंजिन चालू करून ठेवायचं नाही, थंड इंजिन तुम्हीच सुरू करणार. चारही टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन साल. ४० हजार चाललेल्या गाडीला दुसरा-तिसरा सेट असेल तर मीटर फिरवलेला असू शकतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि खालच्या लेबलवरची तारीख सगळ्या बेल्टची जुळते का बघा. पुढचे दोन नवे आणि मागचे जुने निघाले तर बहुधा एअरबॅग एकदा उघडून झाल्यात. काचांवरचे सालही जुळवा. स्कॅनर लावायला सांगा आणि किलोमीटर नुसते मीटरवर बघू नका, गिअरबॉक्स आणि ब्रेकच्या कंट्रोल युनिटमध्येही या गाड्यांत नोंद राहते, ती काढून घ्या. नंतर गाडी लिफ्टवर. यातलं काहीही करायला डीलर नाही म्हणाला, तर चहा घ्या आणि परतीची गाडी पकडा.